घरच्या बोलीतले मेसेज

दोन हजारच्या दशकाच्या अखेरीस मी मुंबईतल्या एका संस्थेसाठी खेड्यांतल्या मुलांशी बोलत फिरत होते. मोबाइल, टीव्ही, सीडीवरचे सिनेमे, गेम यांना मुलांच्या रोजच्या दिवसात कुठे जागा मिळते, ते समजून घ्यायचं काम होतं. शहापूर आणि मुरबाडची गावं माझ्या वाट्याला आली. त्यातली बरीच घरं आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलीत. कसाऱ्याच्या अलीकडचं एक घर मात्र तसंच्या तसं राहिलंय.

त्या घरी सातवीतली एक मुलगी होती. मी तिला पहिला प्रश्न विचारला, तर तांदूळ निवडत बसलेली तिची आई म्हणाली, "तिला ऐकू येत नाय, ताई. लहानपणी ताप आलता, तवापासनं. तिच्या चुलतबहिणीला विचारा, ती सांगल."

मुलीने आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिलं आणि काय चाललंय ते ओळखलं. आत जाऊन मोबाइल घेऊन आली, भराभर बटणं दाबली आणि फोन माझ्यासमोर धरला. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं : ‘मला विचारा. मी सांगते.’

आमचं सगळं बोलणं मग त्या फोनवरच झालं. ती लिहायची नि मी वाचायची, मग फोन माझ्या हातात. मी एक ओळ पुरी करेपर्यंत ती वाकून पाहायची आणि शेवटचा शब्द आधीच ओळखून मान हलवायची.

गावच्या शाळेत ती पहिल्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घेत शिकली होती. वाचनात वर्गात पुढे होती. पण घरात कागदावर लिहून बोलावं, असं कुणालाच सुचलं नव्हतं. लिहिणं म्हणजे शाळेचं काम. घरात खुणांवर भागायचं, आणि खुणा होत्या त्या जेव, झोप, पाणी आण एवढ्यापुरत्या. वडील रेल्वेच्या रुळांवर कामाला. पहाटे जायचे, अंधार पडल्यावर यायचे. घरात दोन फोन आले, तेव्हा चुलतबहिणीने तिला मेसेज कसा लिहायचा ते दाखवलं, आणि हिने पहिला मेसेज वडिलांना पाठवला.

वडील मला पुढच्या खेपेला भेटले, सुट्टीच्या दिवशी. इंग्रजी अक्षरं त्यांना धड येत नव्हती. पहिले काही मेसेज सोबतच्या माणसाने वाचून दाखवले. "मंग वाटलं, पोरीनं मला लिव्हलंय, ते दुसऱ्यानं का वाचायचं?" ते म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत स्टेशनच्या पाट्या पाहून, मराठी नावाखालचं इंग्रजी नाव जुळवत, त्यांनी अक्षरं पक्की केली.

ते बोलत तसंच लिहायचे. ‘आज येला उशीर होल. आमी जेवलो.’ या साध्या मेसेजांनी एक गोष्ट घडवली, जिची मी कल्पनाही केली नव्हती. त्या मुलीची मराठी सगळी पुस्तकातली होती. आपल्या घरात लोक प्रत्यक्षात कसे बोलतात, ते तिला ठाऊकच नव्हतं. एकदा वडिलांनी लिहिलं, ‘नाय गो.’ तिने चुलतबहिणीला विचारलं, हे काय? बहिणीने लिहून सांगितलं, ‘नाही म्हणजेच नाय. आपण सगळे असंच बोलतो.’

"ती माझ्याकडं बघतच ऱ्हायली," बहीण मला म्हणाली. "मंग दिवसभर विचारत व्हती, ह्याला आपण काय म्हणतो, त्याला काय म्हणतो."

मी पाहिलं तोवर ती ‘नाय’, ‘आमी’, ‘गो’ लिहायला लागली होती, आणि शाळेच्या वहीत मात्र बिनचूक ‘नाही’. कोणतं कुठे वापरायचं, ते तिचं तिने ठरवलं होतं.

वडिलांशी ती आता वादही घालायची. एकदा दोन दिवस तिचे मेसेज त्यांना पोचेनात. तिने त्यांचा फोन उघडून पाहिला, तर तो गच्च भरलेला. वडिलांनी तिचा एकही मेसेज पुसला नव्हता, म्हणून नवा शिरायला जागाच नव्हती. ती इतकी चिडली की त्यांच्यासमोर बसून एकेक मेसेज पुसायला लावला. हे सांगताना ते हसत होते. "आजवर कधी भांडली नव्हती माझ्याशी. भांडायचं तरी कशानं?"

सातवीनंतर तिला शहापूरच्या हायस्कुलात जायचं होतं. रस्त्यात हॉर्न ऐकू येणार नाही, एसटीत कुणी हाक मारली तर कळणार नाही, म्हणून वडील नको म्हणत होते. तिने घरी हट्ट केला नाही. ते कामावर असताना लिहीत राहिली : बहीण बरोबर असेल. रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडते. कंडक्टरला थांब्याचं नाव लिहून दाखवीन.

संध्याकाळी वडिलांचं उत्तर आलं, ‘जा. पन पोचल्यावर सांग.’

पुढच्या वर्षी मी शाळा सुटायच्या वेळी तिला शहापूरच्या स्टँडवर पाहिलं. बहिणीच्या शेजारी, दप्तर मांडीवर, मान खाली घालून ती मन लावून काहीतरी लिहीत होती. मी हाक मारली नाही. पुढे जाऊन तिच्या समोर उभी राहिले, तेव्हा तिने वर पाहिलं, ओळखून हसली आणि हाताने मला जरा थांबायला सांगितलं. आधी तिचा मेसेज पुरा व्हायचा होता.