पंधरा जुलैच्या आधी कापलेलं गवत

न पेरण्याचे पैसे सरकार देतं, याचं आमच्या नेब्रास्कात कुणाला हसू येत नाही. एल्डन टीडकेची दोनशे एकर जमीन नऊ वर्षं अशीच पडून होती. गवत वाढू द्यायचं आणि दर ऑक्टोबरात सरकारी चेक बँकेत भरायचा. अट एवढीच की पाखरांची घरटी असतात, म्हणून पंधरा जुलैपर्यंत गवत कापायचं नाही.

एल्डनला ते उभं रान बघवायचं नाही. आमच्याकडे माणसाची पारख त्याच्या बांधावरून होते. चर्चमध्ये तो किती घोरतो ते कुणी मनावर घेत नाही.

जूनअखेर त्याची बायको अर्डिथ गेली. दफनाला निघालेल्या गाड्या त्याच शेताकडेने जाणार होत्या. आदल्या दिवशी एल्डनने ट्रॅक्टर काढला आणि रस्त्यालगतचं बारा एकर गवत साफ कापलं. बायकोची शेवटची वाट तणातून जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. दफनानंतर लोकांनी हॅम आणि बटाट्याचं सॅलड खाल्लं आणि रस्ता किती नेटका दिसतोय म्हणाले. दोन आठवड्यांनी सरकारी तपासनीस आला. त्यालाही तो नेटकेपणा दिसला.

करार मोडला तर नऊ वर्षांचे पैसे व्याजासकट परत करायचे. म्हणजे जमीनही जाणार आणि घरही. निर्णय मात्र काउंटीच्या समितीचा. तिच्यावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेले तीन शेतकरी असतात. मी तिथला कारकून, टिपणं घेतो. अध्यक्ष रॉइस, अर्डिथच्या शवपेटीला त्याने खांदा दिला होता.

"नियम माहीत नव्हता, एवढं लिहून दे," रॉइस म्हणाला. "पुढचं आम्ही निभावतो."

"तुझ्याआधी बारा वर्षं अध्यक्ष म्हणून त्या खुर्चीत मीच बसत होतो, रॉइस. तुझ्याखाली ती अजून गरमसुद्धा झालेली नाही."

"मग दुःखात डोकं ठिकाणावर नव्हतं म्हण."

"होतं की. ट्रॅक्टर पोचेना ते कोपरे हाताने कापले मी."

रॉइसने माझ्याकडे पाहिलं. मी उगाच पेन्सिलीला टोक केलं.

"आणि डेलमार हूप?" एल्डन म्हणाला. "दुष्काळात गुरं उपाशी होती म्हणून त्याने आठ दिवस आधी कापलं. इथेच बसून म्हणाला, नियम ठाऊक नव्हता. मी म्हणालो, शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. आता मी कोणत्या तोंडाने तेच लिहू?"

"त्याला बारा वर्षं झाली, एल्डन."

"त्याची शेती गेली त्यालाही तेवढीच झाली."

त्याने माझ्याकडून कागद घेतला, 'नियम माहीत होता' असं लिहिलं आणि खाली सही केली. करार रद्द करण्यासाठी तीन हात वर झाले. रॉइसचा हात खांद्यापर्यंतच पोचला, पण मी तो मोजला.

नोव्हेंबरात लिलाव झाला. रस्त्यालगतचा तुकडा रॉइसने घेतला. त्याच्या शेताला लागूनच होता आणि कुणीतरी घेणारच होतं. डेलमार शेजारच्या काउंटीतून आला होता, हल्ली तो तिथे शाळेची बस चालवतो. बोली त्याने एकही लावली नाही. सगळं आटोपल्यावर तो एल्डनजवळ गेला.

"घर कधी सोडायचंय?"

"महिनाअखेर."

"बरंय," डेलमार म्हणाला. "आम्हाला आठवडा मिळाला होता."