केझायाच्या वाट्याचा डॉलर

बापानं मरताना दोन्ही लेकांना जमीन लिहून दिली आणि लेकीच्या नावापुढं नुसतं 'एक डॉलर' लिहिलं, तर तुम्ही काय समजाल? बाप लेकीच्या तोंडावर थुंकला, असंच ना? टेबर रिज या टेकडीभागातल्या आमच्या सगळ्या काळ्या माणसांनी दीडशे वर्षं हेच धरून ठेवलं. लेकांच्या वंशातल्या स्टोकलींनी हसत, लेकीच्या वंशातल्या ऑगल्सबींनी दात खात. मृत्युपत्र मात्र दोन्हीकडच्या एकानंही उघडून पाहिलं नव्हतं.

व्हर्लीन स्टोकली त्यातलीच. दक्षिण इंडियानाच्या या टेकड्यांत तिनं जन्मभर शाळेची बस चालवली. डोकं गरम आणि जीभ त्याहून गरम. चर्चमध्ये लोक तिला 'सिस्टर व्हर्लीन' म्हणायचे ते आदरानं, पण त्यात थोडी भीतीही असायची. रस्ता खचला, नळाला गढूळ पाणी आलं, की काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, साहेबाच्या दारात पहिली उभी राहणारी हीच.

नव्वदी ओलांडलेली तिची आत्या झेल्फा तिच्याकडंच राहायची. आत्याचं एकच मागणं होतं. मेल्यावर तिला रिजच्या माथ्यावरच्या जुन्या दफनभूमीत जायचं होतं, जिथं ॲब्सलम स्टोकली पुरलेला आहे. ॲब्सलम म्हणजे तो मृत्युपत्रवाला बाप, इथं पाय ठेवणारा पहिला. गुलामीच्या काळात, स्वतंत्र असल्याचा कागद अंगरख्यात शिवून तो नॉर्थ कॅरोलिनाहून चालत आला आणि बीचच्या झाडांचं जंगल तोडून राहिला.

"आत्या, शहरातली दफनभूमी काय वाईट आहे?" व्हर्लीन विचारायची. "गवत कापलेलं असतं, नळ आहे, बाकडी आहेत."

"तिथं माझ्या ओळखीचं कोण आहे गं?"

अडचण अशी, की तिथं वर जाणारी वाट लॉयल ऑगल्सबीच्या शेतातून जाते आणि त्या वाटेवर लोखंडी फाटक आहे. फाटकाला कुलूप. ऑगल्सबी म्हणजे ॲब्सलमच्या लेकीचे, केझायाचे वंशज. पूर्वी फाटक उघडंच असायचं. मग चर्चच्या वार्षिक मेळाव्यात, तळलेल्या माशाच्या रांगेत, व्हर्लीनचा काका सगळ्यांदेखत बोलून गेला, "एक डॉलरवाल्यांनी मागं उभं राहावं. आधी वारसदार जेवतील." लोक हसले. लॉयलच्या बापानं ताट तिथंच ठेवलं, घरी गेला आणि फाटकाला कुलूप घातलं. बाप गेला, कुलूप राहिलं. तेव्हापासून रिजवर एकही माणूस पुरला गेला नाही.

व्हर्लीननं लॉयलला चारदा सांगून पाहिलं. म्हणजे चारदा भांडून पाहिलं. शेवटी वकील गाठला. वकील म्हणाला, "जुन्या कागदांत वाटेचा हक्क लिहिलेला सापडला, तर खटला उभा राहील. नाहीतर त्याचं शेत, त्याचं फाटक."

"सापडला नाही तर माझं नाव बदला," व्हर्लीन म्हणाली आणि काउंटीच्या कोर्टात जाऊन धडकली.

खिडकीतल्या बाईनं मान वर न करता सांगितलं, "जुनी मृत्युपत्रं तळघरात असतात. गुरुवारी या."

"आणि गुरुवारपर्यंत मी मेले तर?"

"तर तुमचं मृत्युपत्र वरच ठेवू."

व्हर्लीनला हसू आलं, पण ती हलली नाही. खुर्ची ओढून खिडकीसमोर बसली आणि डब्यातलं सँडविच काढून सावकाश खाऊ लागली. रांगेतले लोक तिला वळसा घालून जाऊ लागले, तशी खिडकीतली बाई उठली आणि तळघराची चावी घेऊन आली.

ॲब्सलमचं बाड फितीनं बांधलेलं होतं. वर त्याच्या घरातल्या सामानाची यादी होती. तो गेल्यावर तीन शेजाऱ्यांनी घरात फिरून केलेली. दोन कुऱ्हाडी. एक माग. एक चष्मा. मधमाश्यांच्या पेट्या. 'मोठ्या करवतीचा अर्धा हिस्सा', कारण तसली करवत दोन माणसांशिवाय चालत नाही, आणि उरलेला अर्धा हिस्सा ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याचा होता. पुढं 'अक्रोडाच्या फळ्या, शवपेटीसाठी राखून ठेवलेल्या'. व्हर्लीन थांबली. लहानपणापासून तिनं ॲब्सलमचं नाव ऐकलं होतं, पण ते चर्चच्या भिंतीवरच्या पाटीसारखं. आज पहिल्यांदा तिला म्हातारा दिसला. चष्मा लावून, आपल्याच शवपेटीच्या फळ्या सावलीत वाळत घालणारा.

मृत्युपत्र पुस्तकात उतरवलेलं होतं. लेक रुबेन, लेक एनॉस, जमीन, जनावरं. आणि 'माझी लेक केझाया, तिला एक डॉलर'. हेच ते. वाटेचा शब्दही नव्हता.

चिडून तिनं पान उलटलं. पुढं एका गोऱ्या गिरणीवाल्याचं मृत्युपत्र होतं. त्यानं लिहिलं होतं: 'माझा लाडका थोरला मुलगा, ज्याला मी लग्नातच त्याचा वाटा दिला आहे, त्याला एक डॉलर, म्हणजे मी त्याला विसरलो असं कुणी म्हणू नये.' व्हर्लीननं ते परत वाचलं. मग मागंपुढं चाळलं. आणखी एकाच्या लेकीला डॉलर. एका विधवेच्या दोन्ही लेकांना डॉलर. ज्याला आधी मिळालं त्याला डॉलर, असा रिवाजच होता तर!

मग केझायाला आधी काय मिळालं होतं?

बाडात खाली एक चिठोरं होतं. दुसऱ्याच्या हातचं अक्षर, खाली सहीऐवजी केझायाची फुली. 'मला माझा डॉलर पोचला. ओढ्याच्या उत्तरेची जमीन, जिथं मी राहते, ती वडिलांनी हयातीतच मला दिली. माझं आणखी काही मागणं नाही.'

ओढ्याच्या उत्तरेची जमीन! आज तिथं लॉयल मका पेरतो. फाटक तिथंच आहे. ज्या बापाला शिव्या घालत ऑगल्सबी दीडशे वर्षं जगले, त्याच्याच दानावर ते उभे होते. व्हर्लीनला वाटलं, आत्ताच्या आत्ता गाडी काढावी आणि हा कागद लॉयलच्या नाकावर चिकटवावा.

पण बाड अजून संपलं नव्हतं. शेवटी म्हाताऱ्याच्या इस्टेटीकडून कुणाकुणाला काय येणं होतं, त्याची बिलं होती. एक बिल एनॉसचं, म्हणजे व्हर्लीनच्या खापरपणजोबाचं. 'वडिलांच्या आजारपणात हिवाळाभर माझ्या घरी त्यांची सेवा केली, कूस बदलली, सरपण जाळलं, त्याचे पैसे.' बापाची कूस बदलल्याचे पैसे! बरं, असेल गरज. पण त्याखालीच डॉक्टरचं बिल होतं, त्याच हिवाळ्यातलं. 'म्हाताऱ्या स्टोकलीला भेटी, लेक केझायाच्या घरी.' प्रत्येक भेट केझायाच्याच घरी.

बस चालवणाऱ्या बाईला खोटं लगेच कळतं. म्हातारा हिवाळाभर लेकीकडं पडून होता, आणि पैसे लेकानं उचलले. लेकीनं फुली मारली आणि लिहून दिलं, आणखी काही मागणं नाही.

व्हर्लीननं सगळ्याच्या नकला घेतल्या. घरी जाताना एनॉसचं आणि डॉक्टरचं बिल मात्र गाडीच्या खणात टाकलं. स्वतःशीच म्हणाली, हे कशाला दाखवायचं? कामापुरतं बस्स.

दुसऱ्या सकाळी आत्या हट्टानं गाडीत बसली. लॉयल फाटकापाशीच ट्रॅक्टरला ग्रीस लावत होता.

"आली बसवाली," तो म्हणाला. "वकील डिकीत आहे का?"

"वाच." तिनं केझायाचा कागद पुढं केला आणि गिरणीवाल्याचाही. रिवाज समजावून सांगितला. लॉयलनं सावकाश वाचलं, आणि त्याचा चेहरा उतरायच्या ऐवजी ताठ झाला.

"म्हणजे आता असं, की आम्ही तुमच्या म्हाताऱ्याचे मिंधे. आधी भिकारी होतो, आता उपकारातले. तुम्ही स्टोकली कुठल्याही बाजूनं पडलात तरी वरच असता काय?"

"अरे, तो तुझाही म्हातारा आहे, मक्याच्या कणसा!"

"माझा असता, तर डॉलरचं हसं करणारे तुम्ही कोण होता?"

व्हर्लीनच्या तोंडाशी चार शिव्या आल्या. पाचवी येण्याआधी तिला कळलं, की माणूस खरं बोलतोय. ती वळली. खणातून दोन्ही बिलं काढली. आपल्याच घराण्याचं मळकं धुणं शत्रूच्या दोरीवर वाळत घालायचं होतं.

"हे आमचं," ती म्हणाली. "काल लपवलं होतं. आधी एनॉसचं वाच, मग डॉक्टरचं."

लॉयलनं वाचलं. ग्रीसचा हात पँटला पुसला आणि मागं वळून आपल्या घराकडं पाहिलं.

"माझी आजी मागच्या खोलीला 'म्हाताऱ्याची खोली' म्हणायची," तो म्हणाला. "कुठला म्हातारा, ते तिलाही माहीत नव्हतं."

गाडीची काच खाली झाली. "म्हणजे एनॉस चोर होता?" आत्यानं विचारलं.

"हो, आत्या."

"मला वाटलंच होतं. फोटोत डोळे बघ त्याचे."

लॉयल हसला. न हसण्याचा त्यानं बराच प्रयत्न केला, पण हसला. "किल्ली कुठं आहे मला खरंच माहीत नाही, व्हर्लीन. इतक्या वर्षांत किल्ली कुणी मागितलीच नाही. सगळ्यांनी शिव्याच दिल्या." मग तो गोठ्याकडं गेला आणि लोखंड कापायची मोठी कात्री घेऊन आला. गंजलेलं कुलूप एका दाबात तुटलं.

"आता हे लिहून दे," व्हर्लीन म्हणाली. "वाट कायमची खुली. कोर्टात नोंदवू."

"माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तुझ्या आहे. तुझ्या नातवंडांच्या नाही, आणि माझ्या तर अजिबात नाही."

त्यानं लिहून दिलं. मग ट्रॅक्टरमागच्या गाड्यात खुर्ची बांधून आत्याला रिजवर नेलं. वर गवत कमरेएवढं वाढलं होतं. आत्यानं काठीनं गवत बाजूला करत थडग्यांचे दगड वाचले. एनॉसच्या दगडापाशी क्षणभर थांबली, मान हलवली आणि पुढं सरकली. केझायाशेजारी जागा मोकळी होती. आत्यानं तिथं काठी रोवली. "इथं. एनॉसशेजारी नको, तो भाडं मागेल."

मग ती लॉयलला म्हणाली, "घाई नाही हं. आधी हे गवत काप."

तुमच्याही घराण्यात कुणाशी तरी बोलणं बंद असेल, आणि ते का, ते सगळे ऐकीवच सांगत असतील. तर कचेरीत जा आणि मूळ कागद मागा. 'उद्या या' म्हणाले, तर खुर्ची ओढून बसा. आणि वाचायला लागलात, की तुम्हाला टोचणारं पानही वाचा आणि तेच आधी समोरच्याच्या हातात द्या.