सरदार आणि मी, एकाच कासऱ्याला

मी कुत्र्यांना भितो, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यात आधी कुत्र्यालाच कळली.

सरदार माझ्या मेहुण्याच्या पालमच्या शेतावरचा. काळाभोर, रुंद छातीचा, आणि मागच्या पायांवर उभा राहिला की थेट माझ्या डोळ्यांत बघणारा. सेलूतल्या आमच्या गल्लीत चोऱ्या वाढल्या म्हणून बायकोनं, सुनंदानं, त्याला मागवून घेतलं. चोर फिरकले नाहीत. मीही अंगणात फिरकेनासा झालो.

आल्या आल्याच एका डुकरामागे धावताना त्यानं सुनंदाला साखळीसकट नालीपर्यंत ओढत नेलं. मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी येताच तिनं निकाल दिला, "आता फिरवायचं तुमी. अन् त्यानं परत कुणाला वढलं, तर पालमला वापस."

मला मनातून आनंदच झाला. पण आमची लेक गौरी सरदारच्या गळ्यात पडून रडायला लागली, आणि त्या दोघांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी "शिकवतो त्याला" असं बोलून गेलो. (जीभ माणसाचा घात करते ती अशी!)

पण शिकवायचं कसं? माझ्या वडिलांनी, आप्पांनी, पेडगावात जन्मभर बैल शिकवले आणि म्हातारपणी ते कासऱ्यासकट आमच्याकडे राहायला आले. त्यांच्याकडे एकच औषध होतं.

"नवं गोऱ्हं मुरलेल्या बैलासंगं जुंपायचं. त्याचं बघून शिकतंय."

"पण आप्पा, मुरलेलं कुत्रं आणायचं कुठून?"

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू हायस की."

बैलाच्या कासऱ्याचं एक टोक सरदारच्या पट्ट्याला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला. "हातातून दोर निसटतो, कमरेतून न्हाई निसटत," आप्पा म्हणाले. हे त्यांनी मला धीर यावा म्हणून सांगितलं होतं.

"त्यानं वढलं की खुंट्यावानी उभं ऱ्हायचं. दोर सैल झाला की चालायचं."

पहिल्या दिवशी खुंटा मुळासकट उपटला गेला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गुडघे फुटले. मला दरदरून घाम फुटायचा आणि तोंडानं अखंड 'नमः शिवाय' चालू. सरदारला वाटलं, हा चालायचा हुकूम आहे. जप थांबला की तोही थांबायला लागला. माझ्या नकळत (आणि बहुधा शंकराच्या कृपेनं) कुत्रं खरंच शिकत होतं.

मग परीक्षेचा दिवस उजाडला. पुढे सरदार आणि मी, मागे आप्पा, गौरी आणि प्लास्टर सांभाळत सुनंदा. शेळ्या गेल्या, सरदारनं बघितलं नाही. डुक्कर गेलं, तरीही नाही! माझी छाती फुगली. कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकाशी लोक कौतुकानं बघायला थांबले.

तेवढ्यात कापसाच्या गाडीखालून वीतभर पिल्लू बाहेर आलं आणि माझ्या पायाशी येऊन एकदाच भुंकलं.

सरदार जागचा हलला नाही. मी पळालो. जीव घेऊन, वाट फुटेल तिकडे. कासरा ताणला गेला तसा सरदारनं चारी पाय रोवले आणि शिकवल्याप्रमाणे खुंट्यासारखा उभा राहिला. मी कमरेतून हिसका बसून धुळीत उताणा पडलो. दोर सैल झाला हे बघून तो सावकाश चालत माझ्यापाशी आला आणि माझं तोंड चाटू लागला. माझी किंकाळी पार स्टेशनापर्यंत गेली म्हणतात.

"मुरलं बघा," आप्पा समाधानानं म्हणाले. ते कुत्र्याकडे बघत होते.

गौरीनं भीतभीत विचारलं, "आई, आता पालमला धाडायचं का गं?"

"ठरलंय ते ठरलंय. ज्यानं वढलं त्यानं जायचं," सुनंदा म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "दुपारची यष्टी हाय. डबा देते बांधून."

मी गेलोही असतो. पण त्या शेतावर अजून सरदारची आई आहे.