साडेनऊ तासांचा चिकू

मुंबईहून लंडन किती लांब, हे एका दलालाने माझ्याच ओट्यावर बसून मला शिकवलं. मोबाईल नाकासमोर धरला. "सात हजार दोनशे किलोमीटर. साडेनऊ तास. बघा, काका."

मी उधवा गावचा. तलासरीला हायवेच्या कडेला टोपलीत चिकू विकून सुरुवात केली आणि शेवटी कोसबाडला बाग घेतली. शेजारचा पिढीजात बागायतदार अजून मला "तो उधव्याचा" म्हणतो. त्याचा चिकू परदेशी जातो, माझा वाशीच्या बाजारात. आपलाही माल एकदा विमानात चढावा, एवढीच खाज होती. दलालाने ती बरोबर ओळखली.

तरी मी भांडलोच. "साडेनऊ तास कुठून कुठे?"

"विमानतळ ते विमानतळ."

"माझी झाडं विमानतळावर नाहीत. झाडापासून खाणाऱ्याच्या जिभेपर्यंत किती?"

तो हसला. "काका, विमान आहे हे, टेम्पो नाही. परवा दुकानात. आणि कच्चा देऊ नका हां, तिकडे कोणी हात लावत नाही."

वाशीला पाठवताना मी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. सालीवर नख ओढतो. खाली हिरवी रेघ आली तर फळ झाडावरच राहू देतो, पिवळट आली की काढतो. टेम्पो कुठे किती अडकेल, बाजारात माल किती पडून राहील, सगळं धरून. पण त्या दिवशी "टेम्पो नाही" हे झोंबलं. मला अडाणी ठरायचं नव्हतं. चार दिवस जास्त झाडावर ठेवलेली, नखाखाली पार पिवळी झालेली फळं मी स्वतः जाळीच्या काठीने काढली आणि एकेक कागदात गुंडाळली.

पेट्या मुंबईच्या गोदामात तीन दिवस पडून राहिल्या. निर्यातीच्या एका कागदावर शिक्का नव्हता. तो आणायचं काम दलालाचं होतं. पाचव्या दिवशी फोटो आला: फुटलेले चिकू, सालीला चिकटलेला कागद, पेटीच्या तळाला रस. खाली दलालाने लिहिलं होतं, "विमान वेळेवर पोहोचलं."

कुंपणापलीकडून शेजारी म्हणाला, "काय लंडनवाले, गोड लागला का तिकडे?"

यंदा दलाल परत आला. तोच ओटा, तेच हसू. "या वेळी दुबई, काका. फक्त तीन तास."

मी आत गेलो, पूर्ण पिकलेला एक चिकू आणला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात सोडला. "हा काढायचा नाही. याच खिशात ठेवून घरी जा, परवापर्यंत असाच राहू दे. मग ये आणि मला तास सांग."

तो खिसा सांभाळत फाटकापर्यंत गेला. तिथे त्याने हळूच चिकू काढून खांबावर ठेवला.

"अरे, फाटकाबाहेरही नाही नेता आला तुला!" मी ओट्यावरून ओरडलो.

शेजारी कुंपणापाशीच उभा होता. त्याला ऐकू जावं म्हणूनच मी एवढा आवाज चढवला.