गोड्या पाण्याने धुतलेला ट्रेलर

मुलाचा आनंदनगरला वेल्डिंगचा गाळा आहे. गेट, जिने, खिडक्यांचे ग्रिल, असली कामं. लेक दिलीय अलिबागच्या बाजूला, समुद्राच्या काठी. जावयाची लहान होडी आहे. ती पाण्यात सोडायला आणि वर ओढायला ट्रेलर हवा होता, तो मुलाने स्वतःच्या हाताने बनवून दिला. काळ्या लोखंडाचा चौकोनी पाइप, रेड ऑक्साइडचा हात, वर निळा ऑइलपेंट. पाणी आत शिरू नये म्हणून पाइपांची तोंडं टोप्या लावून बंद केली. देताना त्याने एकच गोष्ट सांगितली. समुद्रातून काढला की गोड्या पाण्याने धुवायचा. सगळ्यांना पटलं. मिठागरावरच्या घरातले आम्ही, मीठ लोखंडाला खातं हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

गेल्या दिवाळीनंतर तो ट्रेलर टेम्पोत पडून परत आला. होडी वर घेताना मधला दांडा मोडला होता. होडी कलंडली, पण माणसं बाजूला होती म्हणून निभावलं. टेम्पोतून लेक उतरली, कमरेला पट्टा बांधलेली. तिचा मणका सरकलाय. वजन उचलायचं नाही असं डॉक्टर सांगून बसलेत. मी मुलाचा डबा घेऊन आले होते, तिथेच स्टुलावर बसले.

ट्रेलर बाहेरून चांगला दिसत होता. रंगसुद्धा फार उडाला नव्हता. मुलगा म्हणाला, भाओजींनी नक्की जास्त वजन टाकलं असणार. मग त्याने ग्राइंडर लावून पाइप कापला आणि आतून पाणी आलं. तपकिरी, दाट, शेणकाल्यासारखं. त्याच्याबरोबर लोखंडाचे पापुद्रे. रंगाच्या आत लोखंड उरलंच नव्हतं. मी बोट दाबलं तर ते आरपार गेलं.

मागच्या दिव्याची वायर घ्यायला मुलाने पाइपाला भोक पाडलं होतं. पाणी तिथून आत गेलं. टोप्यांमुळे बाहेर यायला वाट नव्हती.

लेक ते बघत उभी होती. म्हणाली, "रोज धुतला गं, आई."

"कुठल्या पाण्यानं?"

"प्यायच्या. दुसरं गोडं पाणी आहे कुठं तिथं?"

मला काही क्षण कळेचना ती काय सांगतेय. त्यांची विहीर मचूळ आहे. प्यायला टँकर येतो, तो खाली रस्त्यावर थांबतो, तिथून चढावर हंडे न्यायचे. तिची कमर गेली तेव्हा आम्ही म्हटलं, पाणी सगळ्याच बायका वाहतात. आणि ही बाई प्यायचे हंडे वर चढवून लोखंडाच्या गाडीवर ओतत होती. वर त्यातलं थोडं पाणी त्याच भोकातून आत जाऊन साठत होतं.

मुलाने हातातला ग्राइंडर खाली ठेवला. "मला काय माहीत तू हंड्यानं..."

"तूच सांगितलं होतंस ना, दादा," ती म्हणाली. रागाने नाही. शाळेतली पोर धडा म्हणून दाखवते तसं. गाळ्याच्या मागे नळ वाहत होता, कामगाराने हात धुवून तसाच सोडलेला. ती कमर धरत गेली आणि बंद करून आली.

जेवण कोणाला गेलं नाही. नवीन कशाचा करायचा यावर संध्याकाळपर्यंत बोलणं चाललं. जावई फोनवर म्हणाला, स्टेनलेसचा करा, चकचकीत राहील. मुलाने उल्हासनगरच्या नेहमीच्या सिंधी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, जे स्वस्तात देतो ते किचनचं स्टील, समुद्रात त्यालाही डाग पडून खड्डे होतात. ॲल्युमिनियम मुलाच्या गाळ्यात वेल्ड होत नाही, आणि त्याला लोखंडी बोल्ट लावले की खाऱ्या पाण्यात दोघांचं जमत नाही, ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

मी म्हटलं, "हे सगळं राहू दे. कधीच धुतला नाही तरी त्यातल्या त्यात काय टिकेल, ते सांग."

तो म्हणाला, पाइप नको, एका बाजूने उघडा चॅनेल घ्यायचा, म्हणजे पाणी कुठे साठणार नाही. सगळी भोकं, सगळं वेल्डिंग आधी उरकायचं आणि मग अख्खा सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून आणायचा, आतबाहेर. त्यानंतर ड्रिल लावायचं नाही. "तरी धुतलेला बरा, आई."

"धुणार नाही असं धरून बनव."

तसा बनवला. राखाडी, खरबरीत, दिसायला भिकार. जावयाला फोनवर मीच सांगितलं, धुवायचा असेल तर हंडा तुम्ही उचलायचा. जावयाशी असं बोलत नाहीत. मी बोलले.

परवा लेकीला विचारलं, धुतात का ते. म्हणाली, पहिले काही दिवस धुतला, मग सोडला.

"मग आता तू धुतेस?"

"नाही," ती म्हणाली. "तसाच उभाय. मिठानं पांढरा झालाय."

"होऊ दे पांढरा," मी म्हटलं.