प्रुफवाल्या बाई बास्केटबॉल बघायला शिकल्या

आमच्या छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या बाईंना घाईचं वावडं होतं. ओळीखाली पट्टी धरायच्या, एकेक अक्षर वाचायच्या, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायच्या. "बाई, मशीन खोळंबलंय" म्हणत कुणी दारात उभं राहिलं, तर मान वर न करता म्हणायच्या, "मशीनला दम आहे. तुम्हालाच नाही." मी तिथंच अक्षरजुळणी करायचो, त्यामुळे हे वाक्य मी कितीदा ऐकलंय त्याला गणती नाही.

घरी टीव्ही होता, तो यजमानांच्या हौसेचा. बाई त्यात एकच गोष्ट बघायच्या, ती म्हणजे बातम्यांखालून सरकणाऱ्या मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुका. पुढं यजमान गेले, बाई निवृत्त झाल्या आणि टीव्हीवर कापड पडलं.

तीन वर्षांनी त्यांची थोरली नणंद जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. या वन्सं मुलींच्या शाळेत पीटी शिकवायच्या, बास्केटबॉलचा संघ तयार करायच्या. सगळी शाळा त्यांना शिट्टीबाई म्हणायची. लग्न केलं नव्हतं, तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तीन महिने जिना बंद केला. बाईंचं घर तळमजल्यावर, म्हणून वन्संची बॅग तिथं आली.

दोघींचं कधी भांडण झालं नव्हतं, पण सूतही जुळलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा वन्संनी बाईंना एकच प्रश्न विचारला होता, "पळता येतं का?" बाईंनी खरं ते सांगितलं, "नाही." त्यावर वन्सं भावाकडे बघून नुसत्या "बरं" म्हणाल्या. ते "बरं" बाईंनी इतकी वर्षं मनात ठेवलं होतं.

वन्संनी आल्या आल्या टीव्हीवरचं कापड काढायला लावलं. रोज संध्याकाळी पाचला बास्केटबॉल. बूट घासल्याचे आवाज, भोंगे, समालोचकाची आरडाओरड. बाई दोन दिवस शेजारी बसल्या आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून स्वयंपाकघरात गेल्या.

"कुठं चाललीस?" वन्सं म्हणाल्या.

"मला नाही जमत हे, वन्सं. चेंडू दिसेपर्यंत तो दुसरीकडे गेलेला असतो."

"मग चेंडू बघतेस कशाला? बस इथं."

बाई बसल्या. वन्संनी एखाद्या सहावीतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, "कुठलीही एक खेळाडू धर. तिच्याकडेच बघायचं. चेंडू तिच्याकडे असो नाहीतर नसो. आठवडाभर दुसरं काही बघायचं नाही."

बाईंनी सात नंबरची धरली. बुटकी, एका गुडघ्याला पट्टा, चेहरा कायम वैतागलेला. पहिल्या दिवशी तिच्या हातात चेंडू जेमतेम चारदा आला. ही नुसती इकडून तिकडे पळते आणि मध्येच खांबासारखी उभी राहते, एवढंच बाईंना दिसलं. चौथ्या दिवशी ती का उभी राहते ते कळलं. ती थांबायची, समोरच्या संघातली मुलगी येऊन तिच्यावर आदळायची, आणि तेवढ्यात हिची जोडीदारीण मोकळी सुटायची. टाळ्या जोडीदारणीला मिळायच्या. सात नंबरची गुडघ्याचा पट्टा वर ओढत परत पळायची.

"वन्सं, ही मुद्दाम मार खाते," बाई म्हणाल्या.

"लागलं की दिसायला."

त्या दिवशी बाईंनी भाजी निवडायची परात बाहेरच आणली, आणि सामना संपला तेव्हा ती तशीच मांडीवर होती.

आठवड्यानंतर दोन खेळाडू, मग तीन. आधी नुसता गोंधळ दिसायचा, तिथं आता माणसं दिसायला लागली. कुणाला कुणावर भरवसा आहे, कोण दमली आहे, कोण रुसली आहे. पाच वाजायला आले की बाई आपणहून पंखा लावायच्या, वन्संच्या पायाखाली उशी सरकवायच्या आणि खुर्ची पुढं ओढायच्या.

पण चौतीस वर्षं चुका शोधलेली नजर टीव्हीपुरती थोडीच थांबणार. पडद्याच्या कोपऱ्यात ठळक आकडे असायचे, तरी वन्सं "किती झाले?" विचारायच्या. बास्केट झाली की लोक ओरडल्यावर त्या हसायच्या, आधी नाही. चहाचा कप टेबलाच्या अगदी काठावर टेकवायच्या. आणि टीव्हीकडे तोंड करून बसायच्या ते जरा तिरक्या, जणू खिडकीबाहेरच कुणीतरी आहे.

एका संध्याकाळी टीव्हीचा आवाजच गेला. चित्र चालू होतं. बाई कपात चहा ओतत होत्या. पडद्यावर सात नंबरच्या मुलीनं लांबून चेंडू टाकला आणि तो सरळ आत गेला. वन्सं गप्प बसून राहिल्या.

बाईंनी चहा ठेवला. "वन्सं, तुम्हाला दिसत नाही ना?"

वन्संनी चाचपडत कप हातात घेतला.

"कडेचं दिसतं," वन्सं म्हणाल्या. "मधलं पुसल्यासारखं झालंय. दीड वर्ष झालं. पायरी दिसली नाही, म्हणून तर पडले."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

"हाडाच्या डॉक्टरला डोळ्यांचं काय सांगायचं?"

"आणि मला चेंडू सोडून बघायला शिकवत होतात ते?"

"मी तसंच बघते आता. कोण कुठं पळतंय ते कडेनं कळतं. चेंडू कळत नाही." मग म्हणाल्या, "वाटलं, तुला आवडायला लागलं तर तू बोलशील. मला ऐकता येईल. पण तू तोंडातून चकार शब्द काढत नाहीस."

बाईंना हसावं की रडावं कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा बोलावून, वॉकर सीटच्या मागं टाकून, त्या वन्संना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. उजव्या डोळ्याचं आता काही करता येण्यासारखं नव्हतं. डाव्यातलं उरलेलं इंजेक्शनं देऊन टिकवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी सहा महिने गेले असते, तर हेही हातचं गेलं असतं." वन्संनी परत येताना वाटभर बाईंचा हात सोडला नाही. रस्त्यात खड्डे आहेत म्हणून, असं म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून बाई बोलायला लागल्या. सुरुवात अवघड होती.

"सात नंबरच्या खेळाडूनं चेंडू डावीकडच्या उंच मुलीकडे दिलेला आहे, आणि ती आता..."

"वहिनी, तुझं वाक्य संपेपर्यंत तीन बास्केट झाल्या. क्रियापद टाकून दे."

"क्रियापदाशिवाय वाक्य कसं होईल?"

"नसू दे वाक्य."

बाईंच्या जिवावर आलं, पण त्यांनी टाकलं. आधी क्रियापद गेलं, मग विशेषणं गेली. उरले ते नंबर आणि दिशा.

मी एकदा दुपार कलल्यावर सहज भेटायला गेलो, तर बाईंनी मला हातानंच दारात थांबवलं. नजर पडद्यावर, तोंडाची टकळी चालू. "सात. डावीकडे. उंच. परत सात. अडली, सुटली, वर, आत." शेजारी वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे पाय जमिनीवर जागच्या जागी हलत होते. ज्यांच्याकडून पान सुटायची वाट बघत आमचं मशीन तासन्‌तास थांबायचं, त्या या बाई. मी गुपचूप स्टूल ओढून बसलो.

तीन महिने झाले, हाड जुळलं. वन्संनी बॅग भरायला घेतली.

"अजून सहा आठवडे सामने आहेत," बाई म्हणाल्या. "आणि इंजेक्शनं. तिसऱ्या मजल्यावरून कशा ये-जा करणार?"

"तुला अडचण नको."

"अडचण असती तर मी सांगितलं असतं. चूक दिसली आणि मी गप्प बसले, असं कधी झालंय का?"

बॅग परत कपाटावर गेली. याला आता दीड वर्ष होऊन गेलंय. डावा डोळा होता तेवढा टिकून आहे. सात नंबरची मुलगी दुसऱ्या संघात गेली, तेव्हा दोघींनी दोन दिवस सुतक असल्यासारखे काढले आणि मग मुकाट्यानं आपलाही संघ बदलला.

परवा सामना रंगात असताना बाईंना एकदम भरून आलं. यजमान गेल्यावर हे घर किती गप्प होतं, ते त्यांना आठवलं असावं. "वन्सं, तुम्ही इथं आला नसतात, तर मी..." त्या म्हणायला लागल्या.

"चेंडू कुणाकडे?" वन्सं म्हणाल्या.

"अकरा. उजवीकडे. बाहेर."

मध्यंतर झालं. वन्संनी चाचपडत रिमोट शोधला, आवाज बंद केला आणि तोंड बाईंकडे वळवलं, त्यांच्या त्या तिरक्या पद्धतीनं.

"हं, आता बोल. आणि क्रियापद घालून बोल, मला सगळं ऐकायचंय."

बाईंनी सगळं सांगितलं. वन्संनी मध्ये एकदाही तोडलं नाही.