उपाशी बोकडाचं काळीज

दत्तोपंत गेल्याचं मला भोरहून येणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं सांगितलं. किकवीला माझ्या दारासमोर गाडी थांबवून तो म्हणाला, "ड्रॉइंगमास्तर, तुमचं शास्त्राचं मास्तर सकाळी गेलं." पॅसेंजर खोळंबले होते, म्हणून लगेच निघूनही गेला. मी ओट्यावर बसून राहिलो. रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की सांगायचं राहिलं... त्याला आता दीड महिना झाला.

भोरच्या शाळेत आम्ही बरोबर नोकरी केली. ते शास्त्र शिकवायचे, मी चित्रकला. मुंबईच्या कुणा डॉक्टरांचा जुना सूक्ष्मदर्शक त्यांनी आणला आणि माणूस कामातून गेला. आधी कांद्याचा पापुद्रा, मग डबक्यातलं पाणी, आणि शेवटी नाद जडला तो चरबीचा. पेशीत चरबीचे बारीक थेंब असतात. त्यांच्या पुस्तकात त्यावर एकच ओळ होती, की हा साठा आहे. दत्तोपंतांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. "अहो, कणगीतलं भातसुद्धा कुणी नुसतं ठेवत नाही. ती कधी भरते, कधी रिकामी होते, हे बघायला नको?" त्यांचं म्हणणं असं, की उपास घडला की अंगावरची चरबी सुटते, यकृतात येते, तिथल्या पेशी ती थेंबाथेंबानं धरून ठेवतात आणि जाळतात; त्यावर उपाशी जीव तगतो. म्हणजे उपाशी जनावराच्या यकृतात थेंब जास्त दिसायला हवेत. मी हसलो होतो. पोटात अन्न नाही आणि म्हणे चरबी वाढते!

बाबाभाई खाटकानं एकाच कळपातले दोन बोकड राखले. एक चाऱ्यावर, दुसरा तीन दिवस नुसत्या पाण्यावर. "पंत, मुक्या जनावराचं हाल करून काय गावणार तुमास्नी?" असं तो कुरकुरला, पण दोन्ही काळजं (खाटीक यकृताला काळीजच म्हणतात) बाटल्यांतून आणून दिली. दत्तोपंतांच्या बायकोनं, वहिनींनी, ती घरात घेऊ दिली नाहीत. मग गोठ्यातल्या खिडकीशी पाट मांडून काम चाललं. वस्तऱ्यानं पातळ काप काढायचे, चरबीलाच धरणाऱ्या लाल रंगात ठेवायचे आणि काचेवर घ्यायचे. दत्तोपंत बाजूला सरकायचे, मी डोळा लावून चित्र काढायचो. एका कापात तुरळक ठिपके होते. दुसऱ्यात पेशी न् पेशी लाल थेंबांनी गच्च भरलेली, डाळिंब फोडल्यासारखी. "ही उपाशी," ते म्हणाले.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन सुटल्या होत्या आणि त्यांनी त्या परत डकवल्या होत्या, हे मी पाहिलं होतं. म्हणून विचारलं, "बदलल्या तर नाहीत ना?" ते चिडले. "तुम्ही चित्रं काढा." ते मला झोंबलं. घरी शाईनं चित्रं पक्की करताना वाटलं, उतावळा माणूस, नक्कीच घोटाळा केलाय. निबंध पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या सभेला जाणार, तिथल्या विद्वानांसमोर याचं हसं होईल. निदान चित्रं तरी बरोबर जावीत म्हणून मी दोन्ही चित्रांखालची 'उपाशी' आणि 'चाऱ्यावरचा' ही नावं उलटी लिहिली. त्यांनी माझ्याकडं दिलेल्या पाकिटात निबंध तयारच होता, तो न वाचता चित्रं आत सरकवली आणि पाकीट टपालात टाकलं. रागही होता, मायाही होती. कशानं काय केलं, ते आता कसं सांगू?

पुण्याच्या सभेचं उत्तर चार ओळींचं आलं. लिखाण एक सांगतं, चित्रं बरोबर उलट दाखवतात. असल्या निबंधाचा विचार करता येत नाही. दत्तोपंतांनी माझ्यावर शंकासुद्धा घेतली नाही. "तुमचा हात चुकायचा नाही. मीच तुम्हाला उलटं सांगितलं असणार. ज्याला दोन बाटल्या सांभाळता येत नाहीत, त्यानं शास्त्राच्या नादी लागू नये." मी मान हलवली, कारण तेव्हा मलाही तेच खरं वाटत होतं.

पुढच्या पावसाळ्यात पासली गावाकडचे बोकड ओढ्याच्या पुरानं चार दिवस अडकले आणि उपाशीच भोरला आले. बाबाभाईनं सहज काळीज दाखवलं. पिवळट, तेलकट. "उपाशी जनावराचं असंच व्हतंय मास्तर. बोटाला त्याल लागतंय बगा. आमच्या बापजाद्यापासनं म्हायती हाय. इचारलं का कुणी?"

म्हणजे दत्तोपंतांच्या चिठ्ठ्या बरोबरच होत्या. तडक दत्तोपंतांकडं गेलो. ते मुलांच्या वह्या तपासत होते. त्यांनी चहा सांगितला, मी तो पिऊन परत आलो. असं किती वेळा झालं म्हणून सांगू... सूक्ष्मदर्शक त्यांनी शाळेला देऊन टाकला. हजेरी दोनदा घ्यायला लागले. कुलूप लावलं की मला म्हणायचे, "तुम्ही पण एकदा ओढून बघा, माझा भरवसा नाही." हुशार माणूस स्वतःच्या हाताला भ्यायला लागला, आणि मी दर वेळी कुलूप ओढून बघत राहिलो.

परवा वहिनींना भेटायला गेलो. सगळं कबूल करायचं असं ठरवूनच गेलो होतो. वहिनी माझ्या गुडघ्याला लावायला तेल घेऊन आल्या. दोन बाटल्या उजेडात धरून त्यांनी मोठ्यानं वाचलं, "हे एरंडेल, हे टर्पेंटाइन." पुन्हा एकदा वाचलं. मग बाटल्या माझ्यापुढं धरल्या. "भावजी, तुम्ही पण एकदा बघा. त्यांनी सवय लावली हो घराला... शेवटच्या दुखण्यात औषध घ्यायचे नाहीत मी दोनदा वाचल्याशिवाय. म्हणायचे, माझ्या हातून बाटल्या बदलतात."

मी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणालो, "बरोबर आहे, वहिनी."

एवढंच बोलून उठलो. हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल, ती दर रविवारी वहिनींकडं येते. वहिनी, त्यांच्या हातून बाटल्या कधीच बदलल्या नव्हत्या. नावं मी बदलली.